पाच लाखांचे कार्ड मिळाले, पण कूस कोण बदलणार?
घरी परतलेल्या रुग्णाची शुश्रूषा : अहिल्यानगर जिल्ह्यातील अनुभव आणि जामखेडचा धडा

पाथर्डी तालुक्यातील एका वाडीवरून आजी आजोबांना जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन आल्या. आजोबांचे वय ७२. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती. शहरातील एका रुग्णालयात योजनेतून उपचार झाले, एक रुपयाही लागला नाही आणि नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. मुलगा आणि सून दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले. उचल घेतलेली होती, त्यामुळे थांबणे शक्य नव्हते. घरी आजोबा आणि ६५ वर्षांच्या आजी, एवढेच.

आजींची तक्रार एकच होती, "दोन दिवस झाले अंगात ताप हाये, जेवत न्हाईत."

मी छाती तपासली, घसा पाहिला, लघवीचे विचारले. मग आजोबांना कुशीवर वळवले आणि वास आला. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, आत काळे पडलेले मांस. ताप तिथूनच येत होता.

"आजी, यांची कूस बदलत होता का?"

"न्हाई डॉक्टर. हलवू नका, आराम करू द्या, असंच सगळे म्हणायचे. वळवायचं असतं हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

आजींनी औषधाची एकही गोळी चुकवली नव्हती. पाकिटे ओळखता यावीत म्हणून त्यांनी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. चूक त्यांची नव्हती. मधल्या काळात त्यांचा मुलगा रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला माझ्याकडे येऊन गेला होता. मी गोळ्या लिहून दिल्या, पण "घरी त्यांना वळवतं कोण?" हा प्रश्न मीही विचारला नाही. म्हणून हा लेख लिहिताना बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवता येत नाही.

योजना कुठपर्यंत येते?

गेल्या काही वर्षांत उपचारांच्या खर्चाबाबत मोठा बदल झाला आहे, हे आधी मान्य करायला हवे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. त्यासाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यायला आता गावोगावची ज्येष्ठ मंडळी पुढे येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. पूर्वी अशा आजारात जमीन किंवा जनावर विकावे लागत असे. ते बऱ्याच घरांत टळले, ही लहान गोष्ट नाही.

पण या योजनांचा केंद्रबिंदू रुग्णालयाची खाट आहे. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस तपासण्या आणि औषधांचा खर्च धरला जातो. वॉर्डातील सिस्टरने केलेली शुश्रूषा रुग्णालयाच्या खर्चात येते. तीच शुश्रूषा घरी कोण करणार, याची तरतूद मात्र त्यात नाही. कार्डावरचे पाच लाख शिल्लक असतात आणि घरात रुग्णाला वळवायला दोन हात नसतात.

लवकर सुट्टी मिळणे मुळात वाईट नाही. रुग्णालयातील जंतुसंसर्ग टळतो, रुग्ण आपल्या माणसांत येतो, खाट दुसऱ्या गरजूला मिळते. मात्र सुट्टीच्या दिवशी उपचार संपत नाहीत, ते करणारी माणसे बदलतात. सकाळपर्यंत प्रशिक्षित परिचारिकेकडे असलेले काम संध्याकाळी आजीकडे, सुनेकडे किंवा शाळेत जाणाऱ्या नातीकडे येते. तेही तोंडी, घाईत, बिलाच्या खिडकीजवळ.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा, तालुके १४. अकोल्याच्या डोंगरातील गाव आणि जामखेडच्या टोकाचे गाव यांची परिस्थिती सारखी नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. पुढचे पाच-सहा महिने धडधाकट माणसे फडात आणि मागे म्हातारी माणसे व लहान मुले, असे वाडीचे चित्र असते. शहरांत पैसे मोजून घरी ‘केअरटेकर’ मिळते. उचलीवर घर चालणाऱ्या कुटुंबाला ते कसे परवडावे?

पडून राहिले की शरीराच्या संस्थांचे काय होते?

एमबीबीएसला आम्ही श्वसनसंस्था, पचनसंस्था, मूत्रसंस्था अशी एकेक संस्था स्वतंत्र शिकलो. आडव्या पडलेल्या माणसाच्या बाबतीत या सगळ्या संस्था एकाच वेळी अडचणीत येतात, हे मला पुस्तकाआधी वॉर्डातील एका ज्येष्ठ सिस्टरने शिकवले. मानवी शरीर उभे राहण्यासाठी, चालण्यासाठी घडलेले आहे. ते सतत आडवे राहिले की काय बिघडते, हे समजले तर शुश्रूषेतील प्रत्येक कामाचे कारण समजते. आणि कारण समजले की काम चुकत नाही.

१. त्वचा

माकडहाड, टाच, कंबरेचा बाजूचा उंचवटा, कोपर आणि डोक्याचा मागचा भाग या ठिकाणी हाड आणि त्वचा यांच्यामध्ये मांस कमी असते. तिथे शरीराचा भार सतत पडला की बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही आणि पेशी मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. अर्धांगवायूच्या रुग्णाला ते जमत नाही आणि बऱ्याचदा दुखल्याचे जाणवतही नाही.

काय करावे:
• साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी : डावी, पाठ, उजवी. पूर्ण कुशीवर टाकण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवावे.
• दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. पोटरीखाली घडी केलेली चादर ठेवून टाचा अधांतरी राहतील असे पाहावे.
• रुग्णाला ओढू नये. अंगाखाली चादर घालून दोघांनी उचलून सरकवावे. ओढल्याने त्वचा सोलवटते.
• रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना या सर्व जागा पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जास्त काळपट, गरम किंवा टणक लागते का, हे हाताने बघावे.
• अंथरूण कोरडे आणि सुरकुती नसलेले असावे. लघवी-शौचाने ओले झाल्यास लगेच बदलावे.

काय करू नये: लाल झालेल्या जागेला चोळू नये, स्पिरिट लावू नये, मधोमध भोक असलेली रिंग खाली ठेवू नये, जखमेत हळद किंवा राख भरू नये. हवेची गादी उपयोगी असते, पण ती घेतली म्हणून कूस बदलणे बंद करता येत नाही.

२. श्वसनसंस्था आणि गिळणे

आडवे पडून श्वास उथळ होतो, फुप्फुसांच्या तळाशी कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. अर्धांगवायूत गिळण्याचे स्नायूही कमजोर झालेले असू शकतात. मग पाणी किंवा अन्नाचा कण अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. पाणी पिताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, अन्न गालात साठून राहणे या खुणा दिसल्या, तर तोंडाने देणे थांबवून डॉक्टरांना विचारावे.

भरवताना रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. झोपेत किंवा गुंगीत असलेल्या माणसाला कधीही भरवू नये. "दोन घोट तरी पाजा" या मायेपोटी फुप्फुसात पाणी गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी गिळायला बऱ्याचदा सोपी जाते, पण आपल्या रुग्णाला काय चालेल हे आधी विचारून घ्यावे. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये.

नाकातून पोटात नळी असेल तर देताना आणि नंतर डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. नळी थोडीही बाहेर सरकलेली दिसली तर तिच्यातून काही देऊ नये आणि घरी ती परत आत ढकलू नये. दिवसातून दोनदा दात, जीभ, हिरड्या स्वच्छ कराव्यात, नळीवर असलेल्या रुग्णाच्याही. तोंडातील जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात.

३. रक्ताभिसरण

चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात आणि रक्त हृदयाकडे परत ढकलतात. ते थांबले की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, गरम लागणे ही तिची चिन्हे. असा पाय चोळू नये, तेल लावून मालिश करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते आणि जीव धोक्यात येतो. बरेच दिवस पडून असलेल्या रुग्णाला एकदम उभे केले की रक्तदाब उतरून चक्कर येते. आधी खाटेवर पाय सोडून काही मिनिटे बसवावे, मग आधार देऊन उभे करावे.

४. मूत्रसंस्था

लघवीची नळी म्हणजे बाहेरच्या जंतूंना आत जाण्याचा रस्ता. नळीला किंवा पिशवीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी नेहमी कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी. रुग्णाला वळवताना पिशवी अंगावर ठेवली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी आणि किती लघवी झाली ते लिहावे. नळीच्या तोंडाजवळचा भाग रोज साध्या साबणाने व पाण्याने धुवावा. चार तासांत पिशवीत काहीच आले नाही, तर आधी नळी कुठे दुमडली आहे का ते पाहावे. तसे नसेल तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

आणि एक प्रश्न दर भेटीत विचारावा : "ही नळी अजून लागते का?" गरज संपल्यावरही केवळ सोयीसाठी राहिलेल्या नळीने संसर्गाचा धोका रोज वाढतो.

५. पचनसंस्था

हालचाल कमी, पाणी कमी, काही औषधांचा परिणाम, यामुळे बद्धकोष्ठ होते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून द्यायला सांगितले नसेल, तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पदार्थ पोटात जावेत. तीन दिवस शौच झाली नाही तर सांगावे. कधी कधी आत कडक मळ अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ शौच झिरपते. जुलाब समजून ते थांबवण्याची गोळी दिली तर त्रास वाढतो. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, अंडी, दूध, शेंगदाण्याचा कूट हे घरातलेच पदार्थ पुरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण विचारून ठरवावे.

६. स्नायू, सांधे आणि मेंदू

न हलवलेला सांधा आखडतो. दिवसातून दोन-तीन वेळा लुळ्या बाजूचा प्रत्येक सांधा हळुवार, दुखणार नाही इतका हलवावा. उचलताना लुळा हात कधीही ओढू नये, खांदा निखळतो.

मेंदूकडेही लक्ष हवे. कालपर्यंत नीट बोलणारे वडील आज असंबद्ध बोलू लागले, माणसे ओळखेनात, किंवा नुसते झोपून राहू लागले, तर "वयामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नये. वृद्धांत न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गात ताप न येताही हाच पहिला बदल दिसू शकतो. रक्तातील साखर किंवा सोडियम उतरणे, लघवी तुंबणे ही इतर कारणे. दिवसा उजेड, रात्री शांतता, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी, आणि कुणीतरी बोलणारे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

वही आणि पेन : सर्वांत स्वस्त उपकरण

कोविडच्या काळात ऑक्सिमीटर घराघरांत पोचला आणि गावातली माणसे दिवसातून तीनदा आकडे लिहू लागली. म्हणजे नोंद ठेवणे लोकांना जमत नाही, हे खरे नाही. सकाळ-संध्याकाळ या नोंदी कराव्यात:

• ताप : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असल्यास कळवावे.
• नाडी : शांत असताना मिनिटाला ६० ते १००.
• श्वास : पूर्ण एक मिनिट मोजावा. १२ ते २० सर्वसाधारण. २४ च्या वर गेल्यास लगेच कळवावे.
• ऑक्सिजन : ९४ पेक्षा कमी असल्यास कळवावे, ९० च्या खाली तातडीची स्थिती. फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.
• पाणी किती गेले, लघवी किती झाली, शौच झाली का.
• कूस कधी बदलली आणि त्वचेवर डाग आहे का.

लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर खुणा कराव्यात. रंगीत दोऱ्याने औषधे ओळखणाऱ्या आजींना हे सहज जमते.

१०८ ला लगेच फोन कधी करावा? तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही अचानक किंवा नव्याने झाले तर. अचानक धाप, छातीत दुखणे, फिट, शुद्ध हरपणे किंवा न थांबणारा रक्तस्राव झाला तर. मधुमेही रुग्णाला दरदरून घाम, थरथर होऊन साखर ७० च्या खाली असेल आणि तो शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून मदतीची वाट पाहावी.

"हे अडाणी माणसाला कसे जमेल?" याचे उत्तर जामखेडला आहे

अशी माहिती द्यायला बसलो की एक आक्षेप येतो, कधी आमच्याच व्यवसायातून : शुश्रूषा हे शिकलेल्या परिचारिकेचे काम, खेड्यातील निरक्षर बाईच्या हाती ते कसे द्यायचे?

याचे उत्तर याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी मिळाले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यात राहून काम करायला प्रशिक्षित परिचारिका टिकत नव्हत्या. मग गावानेच निवडलेल्या गावातल्याच बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतील बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित किंवा गरीब घरांतल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी केंद्रावर येत, शिकत, आपले अनुभव एकमेकींना सांगत आणि गावात परत जाऊन काम करत. गरोदर बाईची काळजी, सुरक्षित बाळंतपण, मुलांची वजने, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा ही कामे त्या करू लागल्या.

परिणाम आकड्यांत दिसला. सुरुवातीला प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते प्रमाण तिशीच्या खाली आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा झाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

जामखेडचा धडा "कुणीही काहीही करू शकते" असा नाही. तिथे तीन पायऱ्या होत्या : गावात आरोग्य सेविका, तिच्याकडे नियमित येणारे फिरते पथक आणि मागे रुग्णालय. सेविकेला आपल्या कामाची हद्द माहीत होती आणि हद्द संपली की कुणाकडे पाठवायचे हेही माहीत होते. शिकवणारे परत परत येत होते. आपण आज घरच्या आजीला पहिल्या पायरीवर बसवतो, पण तिला शिकवत नाही आणि मधली पायरीच काढून टाकतो.

मधली पायरी पुन्हा कशी बांधायची?

कागदावर ती आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि परिहारक म्हणजे दुःख कमी करणारी सेवा समाविष्ट आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतात. रुग्णालयातून सुट्टी झालेल्या अंथरुणावरील रुग्णाचे नाव त्याच दिवशी त्यांच्यापर्यंत पोचले आणि पहिल्या आठवड्यात एक घरभेट झाली, तर माकडहाडावरचा लाल डाग जखम होण्यापूर्वीच दिसेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, निरोप वेळेवर पोचावा लागतो.

"आशाताई बघतील" हे सोपे उत्तर मात्र मला पटत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये राज्यातील आशा सेविकांनी मोबदल्यासाठी संप केले. लसीकरण, सर्वेक्षण, गरोदर माता, क्षयरोग अशी कामांची यादी त्यांच्याकडे आधीच लांब आहे. त्यात घरभेटी वाढवायच्या तर प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही वाढवावे लागतील. बाईचे काम फुकट धरायचे, ही सवय घरातून सरकारी योजनेत येऊ नये.

केरळने यात वेगळी वाट काढली. १९९३ मध्ये कोळिकोड येथे सुरू झालेल्या परिहारक सेवेच्या कामातून पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे स्वयंसेवक गट उभे राहिले. २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले आणि पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. आपल्याकडे हिवरे बाजारसारख्या गावाने कोविडमध्ये गावपातळीवर पथके करून रुग्ण शोधणे, वेगळे ठेवणे, देखरेख करणे हे करून दाखवले होते. म्हणजे गावाला संघटित होता येते. ऊसतोडीच्या हंगामात वाडीवर मागे राहिलेल्या अंथरुणावरील रुग्णांची यादी ग्रामसभेने दिवाळीपूर्वी केली आणि दोन शेजारी घरांनी दिवसातून ठरलेल्या वेळी वळवायला मदत केली, तर हे काम एकट्या आजीवर राहणार नाही. बारा तासांत सहा वेळा वळवणे एकटीला अशक्य आहे, चौघांना ते जड नाही.

सुट्टी घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. आज तुमचा रुग्ण घरी येणार असेल तर वॉर्डातच हे विचारा. विचारण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे:

१. यांना कूस बदलायला मदत लागेल का? एकदा करून दाखवा आणि मग आमच्याकडून करून घ्या.
२. तोंडाने काय द्यायचे, किती पातळ, कोणत्या स्थितीत?
३. नळ्या कोणत्या आहेत, कधी बदलायच्या, कधी काढायच्या?
४. पाणी मोजून द्यायचे आहे का?
५. कोणते औषध किती दिवस? जुन्यापैकी कोणते बंद?
६. कोणते व्यायाम, कोण शिकवेल?
७. कोणत्या लक्षणाला थांबायचे नाही?
८. रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा?
९. आज अंगावर कुठे लाल डाग किंवा जखम आहे का? आमच्यासमोर पाहून कागदावर लिहा.

हे विचारताना रुग्णाची प्रत्यक्ष काळजी घेणारी व्यक्ती तिथे हजर असावी. आपल्याकडे सूचना ऐकतो मुलगा आणि करते सून किंवा आई. निम्मी माहिती त्या वाटेतच सांडते.

आणि घरी काय करू नये हेही लक्षात असावे : खोल जखमेचे मेलेले मांस काढणे, लघवीची किंवा पोटाची नळी घालणे, स्वतःच्या मनाने इंजेक्शन किंवा सलाईन देणे. ही कामे प्रशिक्षित हातांचीच आहेत.

काळजी घेणाऱ्याचीही काळजी घ्या. सतत जागरण, पाठदुखी, चिडचिड, रडू येणे हे तिच्या प्रेमात कमतरता असल्याचे लक्षण नाही. आठवड्यातून काही तास तरी दुसऱ्याने बसावे, तिच्या स्वतःच्या गोळ्या चुकत नाहीत ना ते पाहावे.

त्या आजोबांना पुन्हा दाखल करावे लागले. जखम साफ करण्यात आली, ती भरायला चार महिने गेले. हे सारे फक्त दोन तासांनी वळवण्याने बहुधा टळले असते. या वेळी सुट्टीच्या दिवशी सिस्टरने आजींकडून तीनदा करून घेतले. मुलगा पट्टा पडल्यावर घरी आला, तेव्हा आजींनी त्याला शिकवले. परवा त्या दवाखान्यात आल्या त्या शेजारच्या बाईला घेऊन. तिची सासू मांडीचे हाड मोडून पडली आहे. मी काही सांगायच्या आत आजींनीच तिला विचारले, "टाचंखाली काय ठेवलंय?"